लेकीसाठी एअर रायफल घ्यायचीय, जास्त ताकदीची घेऊ का?

शाहूपुरीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आठवीत आहे, यंदा एनसीसीत गेली. कॅम्पात पॉइंट टू टू रायफलवर पंचवीस मीटरवरून पाच राउंड मिळाले आणि पाचही भोकं एका मुठीखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. उस्तादांनी तिचा कागद सगळ्या पोरींना फिरवून दाखवला. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही, दहा मीटर एअर रायफल शिकायचीच आहे. माझं पोवई नाक्याजवळ हार्डवेअरचं दुकान. बंदुकीतलं मला काही कळत नाही.

पुण्यात एका दुकानात दोन रायफली बघितल्या. दोन्ही स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या. पहिली साधी, वेग कमी, मागं बारीक भोकाची साईट (नेम धरायची खूण). दुसरी जाडजूड, दुर्बीण बसवलेली, खोक्यावर १००० एफपीएस, म्हणजे सेकंदाला हजार फूट वेग, छापलेलं. किमतीत फार फरक नाही. दुकानदार म्हणाला, ताकद जास्त असली की छर्रा सरळ रेषेत जातो, खाली पडत नाही, त्यामुळं नेम आपोआप सुधारतो. कमी ताकदीची म्हणजे खेळणं. मुलीच्या मामाचंही तेच मत. त्यांची वाईकडं हळद आहे, वानरांचा त्रास आहे. ते म्हणतात मोठीच घ्या, दोन्ही कामं होतील.

मुलीला मात्र पहिलीच आवडली. का विचारलं तर म्हणाली, "ती खांद्याला लावली की गप्प बसते."

मला ठरवता येईना. ताकद आणि अचूकपणा यांचा खरंच संबंध असतो का? परवाना कशाला लागतो? आणि आमची गच्ची दहा मीटरपेक्षा लांब आहे, तिथं सराव चालेल का?

निवृत्त सुभेदार (कोरेगाव तालुका)

शाहूपुरीकर साहेब, पोरीनं जे सांगितलं त्यापुढं ते खोकं बाजूला ठेवा. रायफल खांद्यात गप्प बसते का, हेच आधी बघायचं असतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग पोरांना फायरिंग शिकवण्यात गेला, म्हणून जरा लांब लिहितो.

दुकानदार म्हणतो त्यातलं एक खरं आहे, छर्रा खाली पडतो. सेकंदाला १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जायला सेकंदाचा सतरावा भाग घेतो आणि तेवढ्यात पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. ३०० मीटर वेगाचा अर्धा सेंटिमीटर येतो. फरक सव्वा सेंटिमीटरचा, पण दर वेळी तेवढाच. साईटचे क्लिक फिरवले की तो गेला, पुन्हा त्याचा विचार करायला नको. जी चूक दर गोळीला सारखीच होते ती झीरोइंग करून, म्हणजे साईट जुळवून, काढता येते. कागद बिघडवते ती दर गोळीला वेगळी होणारी चूक. आणि स्प्रिंगच्या रायफलीत ताकद वाढवली की वाढते ती हीच.

कशी ते बघा. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढं सुटतो आणि रायफल मागं सरकते. मग दट्ट्या समोरच्या दाबलेल्या हवेवर थबकतो आणि रायफल पुढं ढकलली जाते. हा हिसका सुरू असताना छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे पकड एका गोळीला घट्ट आणि दुसरीला सैल झाली की छर्रा दुसरीकडं. स्प्रिंग जितकी तगडी तितका हिसका मोठा. कसलेला माणूस तो सांभाळतो. पण आठवीतल्या पोरीला दर वेळी ती नळी मोडायलाच अंगातलं सगळं बळ लावावं लागणार. थोड्याच वेळात हात थरथरणार, श्वास फुलणार, आणि घरातले म्हणणार पोरीचा नेम बिघडला.

आता लक्ष्य केवढं ते बघा. दहा मीटर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, अख्खं टार्गेट साडेचार सेंटिमीटरचं. छर्रा साडेचार मिलिमीटर जाड, म्हणजे दहा गुण हवे असतील तर छर्‍याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढचं टोक ०.२ मिलिमीटर हललं की तेवढ्यात सगळी सवलत संपली. वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढी ती जाडी. इथं ताकद कामाची नाही. मोठ्या स्पर्धांतल्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या थोडा वर, वेग १७०-१७५ मीटर, ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात.

फौजेतलं सांगतो. मी भरती झालो तेव्हा हातात एसएलआर ही फौजेची जुनी रायफल असायची, ७.६२ मिलिमीटरची, गोळीची ऊर्जा ३३०० ज्यूलच्या घरात. शेतात राबलेली दणकट पोरं यायची. पहिला धक्का खांद्याला बसला की दुसऱ्या गोळीच्या आधीच डोळा मिटायचा आणि चाप ओढता ओढता खांदा पुढं यायचा. त्या पोराला स्वतःला ते कळायचं नाही. तो शपथेवर सांगायचा की मी हललो नाही. मग त्याच्या नकळत मॅगझीनमध्ये एखादं ड्रिल काडतूस, म्हणजे बार न होणारं नकली काडतूस, घालून द्यायचं. खट् एवढाच आवाज यायचा. धक्का नाही, बार नाही, तरी नळी खाली डुबायची. शेजारी पडलेले सगळे ते बघायचे आणि त्यालाही दिसायचं. त्या एका खट् नंतर पोरगं जेवढं शिकायचं तेवढं आमच्या ओरडण्यानं शिकत नव्हतं. पुढं इन्सास रायफल आली, ५.५६ मिलिमीटरची, ऊर्जा साधारण निम्मी. तशाच गावांतून आलेली तशीच पोरं लवकर ग्रुप बांधायला, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळ जवळ पाडायला, लागली. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, तिथल्या कुठल्याही जुन्या पेन्शनराला विचारा, एसएलआरचा खांदा त्याला आठवत असेल.

मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), सही ट्रिगर ऑपरेशन. फौजेत आणि एनसीसीतही फायरिंगचे हे तीन उसूल शिकवतात. यात ताकदीचं नाव नाही.

आता त्या १००० एफपीएसचा हिशोब. हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. स्पर्धेचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा त्या वेगानं सुटला तर ऊर्जा साडेचोवीस ज्यूल होते. आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलात की लागतो. तेव्हा तो आकडा बहुधा हलक्या छर्‍याचा असणार. ०.४२ ग्रॅमचा घेतला तर हिशोब साडेएकोणीस ज्यूलवर येतो, म्हणजे बरोबर कायद्यात बसतो. नेहमीचा चांगला छर्रा घातला की तो वेग मिळणार नाही. शिवाय आवाजाचा वेग ३४० मीटरच्या आसपास, आणि त्याच्या जवळ पोचलेला हा डमरूच्या आकाराचा छर्रा हवेत डगमगायला लागतो.

गच्चीवर नको. छर्रा कठड्यावर आपटून परततो, चुकला तर शेजारच्या घरात जातो, आणि एवढासा छर्रासुद्धा डोळा फोडतो. तळमजल्यावर बंदिस्त बोळ असेल तर बघा: शेवटी छर्रे अडवणारा लोखंडी पेलेट ट्रॅप, त्यामागं जाड फळी, मधे कुठलंही दार उघडत नाही, आणि पोरीच्या डोळ्याला चष्मा. मामांना नमस्कार सांगा आणि वानरांचा विषय बंद करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो गुन्हा आहे. वर छर्‍यानं वानर मरत नाही, जखम घेऊन कुजत राहतं. मुलीच्या हातातली खेळाची रायफल त्या कामाला लावायची नाही.

वारणाकाठ (शिराळा, जि. सांगली)

सुभेदार साहेबांचा मान राखून लिहितो, पण मला हे सगळं पटत नाही. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही हे कबूल. कागद पळून जात नाही. पण बंदूक ही काही फक्त कागदासाठी झालेली नाही.

आमचं रान चांदोलीच्या बाजूला. रानडुकरं भुईमूग एका रात्रीत उलटापालटा करतात, आता गवेही खाली उतरतात. वडिलांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर बार काढायचा नाही हे आम्ही पाळतो, बहुतेक वेळा हवेतच बार होतो. पण वडील जुन्या दिवसांतलं सांगतात: एलजी काडतुसाचे (मोठ्या दाण्यांच्या काडतुसाचे) दाणे लागून डुक्कर नुसतं जखमी झालं आणि उसात शिरलं. दुसऱ्या दिवशी तोडणीची माणसं त्या उसात जायची होती. जखमी डुक्कर माणसाच्या अंगावर कसं येतं हे ज्यानं बघितलंय त्याला विचारा. त्या वेळी नेम होता, ताकद अपुरी पडली.

दुसरं असं की, इन्सास एवढी चांगली होती तर सैन्य परत ७.६२ कडं का वळलं? २०१९ मध्ये ७२,४०० एसआयजी ७१६ रायफलींची ऑर्डर गेली, त्या ७.६२ च्याच आहेत. सीमेवरच्या माणसाला समोरचा पडला पाहिजे, ग्रुप बघत बसायचं नसतं. पोरीसाठी छोटी घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण ताकद कामाची नाही असं सरसकट म्हणू नका.

मिरजेची रायफल (मिरज)

मी पन्नास मीटरची नेमबाज, आता लहान मुलींना शिकवते. दोघांचं वाचलं. ताकदीबद्दल आमच्या खेळातली एक गोष्ट सांगते, ती ऐकून नवी मुलं नेहमी चकित होतात.

पन्नास मीटरला आम्ही पॉइंट टू टू लाँग रायफल वापरतो. तिची जास्त वेगाची काडतुसंही मिळतात, सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास. स्पर्धेत ती कोणी घेत नाही. मॅचचं काडतूस मुद्दाम ३२०-३३० मीटरला ठेवतात, आवाजाच्या वेगाच्या खाली. एक कारण म्हणजे आवाजाची हद्द ओलांडून परत खाली येताना गोळी अस्थिर होते. दुसरं कारण वारा. वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं कोणालाही वाटेल, आणि या गोळीच्या बाबतीत होतं उलटं. हवेचा अडथळा आवाजाच्या वेगाजवळ एकदम वाढतो, ती गोळी तिथं वेग पटकन गमावते, आणि आडव्या वाऱ्यात मंद गोळीपेक्षा जास्त वाहून जाते. हे मी नुसतं वाचलेलं नाही, उघड्या रेंजवर झेंडे फडफडत असताना दोन्ही मारून बघितलंय.

स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात, पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून), कांस्य घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. त्या २.६ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. सुभेदार साहेबांनी एसएलआरचे ३३०० सांगितले, त्याच्या पाच टक्केसुद्धा नाहीत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जागतिक सुवर्ण घेतलं, तीही याच गोळीवर. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली माणसं आहेत, मुलीला त्यांच्या मॅचेस दाखवा.

शाहूपुरीकर दादा, तुम्हाला खरं सांगायचं तर दोन्ही रायफली आत्ता घेऊ नका. स्पर्धेत स्प्रिंगची रायफल आता जवळपास दिसत नाही, सगळ्या सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालतात. त्यात हिसका नावालाच असतो, पण किंमत लाखांत जाते. म्हणून सुरुवात क्लबच्या रायफलवर करायची. तेरा वर्षांच्या मुलीला आधी बघायचं ते दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाची, लांबी. गाल दस्त्यावर टेकवला की डोळा आपोआप साईटच्या भोकासमोर आला पाहिजे, मान ताणावी लागली की संपलं. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, तेवढी तिला आत्ता नको. सुरुवातीचे बरेच दिवस छर्‍यांशिवाय जातात. रायफल उचलायची, साईटमधून बघायचं, आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर खाली घ्यायची. खाली घेणं मुलींना सगळ्यात जड जातं. ताणून ताणून शेवटी चाप ओढून टाकतात आणि तोच छर्रा सातात जातो. घरी स्प्रिंगची असेल तर एक जपा: छर्रा न भरता ती सोडायची नाही, आतला दट्ट्या आपटून सील खराब होतं.

शाहूपुरीकर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे पुण्याला जाणं झालं. दुकानामागं त्यांची छोटी रेंज आहे. मुलीनं दोन्ही रायफलींवर पाच-पाच छर्रे मारले. साध्या रायफलची भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली. मोठीची तळहाताएवढ्या जागेत पसरली, आणि तिसऱ्या वेळी नळी मोडताना तिला गुडघा लावावा लागला. पण दुकानदारानं स्वतः मोठीवर पाच मारले आणि त्याचीही भोकं नाण्याखाली आली. तो म्हणतो, रायफल अचूक आहे, सवय झाली की मुलगीही मारेल. आता यावर काय म्हणायचं? ताई, मुलींसाठी क्लब मिरजेला आहे की सांगलीला, तेही कळवा.

निवृत्त सुभेदार (कोरेगाव तालुका)

दुकानदार खोटं बोलत नाही. ती रायफल त्याच्या हातात अचूक आहे, पण मारायचं तुमच्या पोरीला आहे. रायफलचा ग्रुप आणि माणसाचा ग्रुप वेगळा असतो आणि कागदावर दोन्हींची बेरीज उमटते. सवय होते हेही खरं. पण ती सवय कसली? हिसका सोसायची. तिला सवय लागायला हवी चाप सुटला तरी डोळा साईटवर ठेवायची, म्हणजे छर्रा कुठं गेला हे कागद न बघता सांगता येतं. या वयात हिसक्याला घाबरून डोळा मिटायला शिकली तर ते विसरायला पुढची दोन वर्षं जातात. हे मी मिशा फुटलेल्या जवानांत बघितलंय.

शिराळ्याच्या भावाला उत्तर द्यायचं राहिलं. तुमचं रानाचं दुखणं मला कळतं, आमच्याकडंही डुकरं आहेत. पण त्या बाराबोरचा हिशोब करा. काडतुसातले सगळे दाणे मिळून अडीच हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा होते, एसएलआरच्या गोळीच्या फार मागं नाही. ताकद भरपूर होती. चाळीस मीटरवर एलजीचे दाणे मीटरभर पसरतात, ताकद तेवढ्या वाट्यांत विभागली जाते, आणि एखादा दाणा मांडीला, एखादा पोटाला लागतो. वडिलांच्या त्या डुकराला जिथं लागायला हवं होतं तिथं काहीच लागलं नसणार. जनावर जखमी सोडणं वाईट, यात आपलं एकमत आहे. म्हणूनच म्हणतो, जवळ येईपर्यंत थांबायला जमत नसेल तर मोठं काडतूस त्यावर उपाय नाही.

सैन्याचा प्रश्न रास्त आहे. कामाला लागते तेवढी ताकद हवीच, ते मी नाकारत नाही. डोंगराळ सीमेवर पाचशे-सहाशे मीटरवरचं बघायचं असतं, तिथं ५.५६ ची गोळी पोचेपर्यंत दमते, म्हणून एसआयजी आली. पण पुढचा आकडाही बघा. २०२१ मध्ये एके-२०३ चा करार झाला तो सहा लाखांहून जास्त रायफलींचा. तिचं काडतूस ७.६२ बाय ३९, ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आसपास, एसआयजीपेक्षा बरीच कमी. म्हणजे सैन्यानंही मोठी ताकद मोजक्यांच्या हातात दिली आणि बहुतेकांच्या हातात दिली ती झेपेल अशी. आणि एसआयजी ज्याला मिळते त्याला तिच्यावर ग्रुप बांधूनच दाखवावा लागतो, त्यातून सुटका नाही.

शाहूपुरीकर साहेब, ताई म्हणतात तसं क्लबच्या रायफलवर सुरुवात करा. घरी एखादी हवीच असेल तर साधी घ्या, मुलीनं निवडलेली. छर्रे मात्र एकाच डबीवर थांबू नका. दोन-तीन प्रकारचे सपाट तोंडाचे मॅच छर्रे आणा, एकाच रायफलीतून टेकू लावून पाच-पाच मारा आणि बाहेरच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा. ज्याचा ग्रुप लहान येईल त्याच प्रकारचे जास्तीचे डबे घेऊन ठेवा. छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की काही खायच्या आधी तिला साबणानं हात धुवायला लावा.

मिरजेची रायफल (मिरज)

दादा, क्लबचा पत्ता आणि वेळा व्यक्तिगत निरोपात पाठवल्यात. येताना मुलीला तिच्या एनसीसीच्या बुटांवरच आणा, चप्पल नको. आणि तो कॅम्पातला कागद असेल तर तोही आणा, ग्रुप कुठल्या बाजूला सरकलाय ते मला बघायचंय.